ग्रामसुरक्षा यंत्रणा: नंबर चांगला आहे, तुमच्या गावाची यादी कशी आहे?

रात्री वस्तीवर चोर आले, गोठ्याला आग लागली, यात्रेत पोर हरवलं, तर एका फोनवर अख्ख्या गावाला उठवायची सोय म्हणजे ग्रामसुरक्षा यंत्रणा. नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांत पोलीस आणि ग्रामपंचायतींनी मिळून ती गावोगाव नेली. टोल फ्री नंबर सगळ्यांसाठी एकच आहे, १८०० २७० ३६००. आमचं मत आधीच सांगून टाकतो: घ्यावी अशी सेवा आहे, आणि विखुरलेल्या वस्त्यांच्या गावाने तर नक्की घ्यावी. मात्र ग्रामसभेत ठराव झाला, चौकात फलक लागला म्हणजे गाव सुरक्षित झालं असं धरून चाललात तर पहिल्याच रात्री तोंडघशी पडाल. ही सेवा ग्रामपंचायत, पोलीस ठाणे, पोलीस पाटील, वनविभाग, महावितरण आणि गावातली तरणी पोरं यांनी मिळून चालवायची आहे. त्यातला एक जरी झोपला तरी फोन वाजतो आणि पुढे काही होत नाही.

काम कसं चालतं ते थोडक्यात. गावातल्या लोकांची नावं आणि मोबाईल नंबर गावनिहाय यंत्रणेत भरलेले असतात. संकटातला माणूस टोल फ्री नंबर लावतो आणि आपल्या आवाजात निरोप सांगतो. तोच आवाज थोड्याच वेळात गावातल्या बाकीच्यांना फोनवर ऐकू येतो. मेसेज वाचायचा नाही, ॲप उघडायचं नाही, इंटरनेट लागत नाही, बटणाचा साधा फोनही चालतो. घटना किती गंभीर आहे त्यावर निरोप शेजारच्या गावांनाही जातो. वाहनचोरीचा निरोप दहा किलोमीटरच्या परिसरातल्या गावांना जातो. फोन उचलायचा राहिला तर पुढच्या एका तासात त्याच नंबरवर फोन करून निरोप पुन्हा ऐकता येतो. नियमात न बसणारा निरोप रद्द होतो आणि खोटे निरोप देणारा नंबर काळ्या यादीत जातो.

आवाज ओळखीचा असणं ही या सेवेची सगळ्यात मोठी ताकद आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारं 'सावधान, टोळी फिरतेय' कुणी लिहिलं, कुठल्या गावचं, कधीचं, काहीच कळत नाही. इथे बोलणाऱ्याला नाव आणि गाव सांगावंच लागतं, त्याचा नंबर नोंदला जातो आणि ऐकणाऱ्याला तो आवाज माहीत असतो. याचं मोल कळायला राईनपाडा आठवावं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात १ जुलै २०१८ला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात १६ एप्रिल २०२०ला दोन साधू आणि त्यांचा चालक असेच अफवेचे बळी ठरले. दोन्ही ठिकाणी गाव जागं होतं, माणसं जमली होती. खरं काय आहे ते विचारून घेणारं आणि जमावाला थोपवणारं कुणी नव्हतं. म्हणून लोकांना जमवणारी कुठलीही यंत्रणा आम्ही एकाच प्रश्नावर तपासतो: माणसं जमल्यावर त्यांनी काय करायचं हे आधी ठरलंय का?

आता यादीकडे येऊ, कारण सेवा बिघडते ती इथेच.

बहुतेक गावांत यादी घाईने बनते. घरपट्टीच्या रजिस्टरवरून कुटुंबप्रमुखाचं नाव आणि त्याचा नंबर उतरवला की काम झालं. तो कुटुंबप्रमुख चाकणला किंवा रांजणगावला कंपनीत रात्रपाळीला असतो. मळ्यातल्या घरात त्याची बायको, म्हातारे आईवडील आणि पोरं असतात. दीड वाजता फोन वाजतो तो कंपनीच्या लॉकरमध्ये. जिला कडी लावून घ्यायची आहे तिला पत्ताच नसतो. तेव्हा घरटी किमान दोन नंबर घ्या आणि त्यातला एक रात्री त्याच घरात झोपणाऱ्या माणसाचा, शक्यतो बाईचा, असलाच पाहिजे. नंबरपुढे वस्तीचं नाव लिहा: गावठाण, वरचा मळा, फाटा, कॅनॉलची वस्ती. यादी तपासताना कुठली वस्ती कोरी राहिली ते लगेच दिसतं.

यादी ताजी कशी ठेवायची? ग्रामपंचायतीत येऊन नंबर बदलून घ्या असं सांगितलं तर कुणी येत नाही. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव जिथे येतं ते दूध संकलन केंद्र. तिथे वही ठेवली आणि दूध मापणाऱ्याला सांगून ठेवलं की आठवड्याभरात निम्मं काम होतं. दूध न घालणारी घरं रेशन दुकानात सापडतात. राहिलेली आशाताईंना माहीत असतात. कोण एकटं राहतं, कुठे गरोदर बाई आहे, कुणाला ऐकू येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. नाव, मोबाईल आणि वस्ती एवढंच घ्या. आधार नंबर किंवा बँकेची माहिती लागत नाही. कुणी मागितली तर देऊ नका. आणि ही यादी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कुणा पॅनेलच्या हाती पडू देऊ नका. एकदा त्या नंबरांवर प्रचाराचे फोन गेले की लोक खरा फोनही कापतात.

दुसरा बिघाड फोनच्या आत आहे. अनोळखी नंबरवरून रात्री आलेला फोन लोक उचलत नाहीत. नंबर ओळखणाऱ्या ॲपमध्ये कुणी त्याला 'स्पॅम' ठरवलं असेल तर काही फोनमध्ये वाजतही नाही. उपाय साधा आहे. दिवसा एक चाचणीचा निरोप द्यायचा आणि ज्या नंबरवरून फोन येईल तो प्रत्येकाने 'गाव सुरक्षा' या नावाने सेव्ह करायचा. अँड्रॉईड फोनमध्ये त्या नावाला स्टार लावून 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये स्टार असलेल्यांचे फोन चालू ठेवले, तर रात्री 'डू नॉट डिस्टर्ब' लावून ठेवलं तरी हा एक वाजतो. म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये हे शेजारच्या पोराने करून द्यावं.

आवश्यक नसलेल्या निरोपांचा भडिमार हा तिसरा बिघाड, आणि आमच्या मते सगळ्यात घातक. लसीकरण, ग्रामसभा, नळाचं पाणी, रेशन आलं, अशा सरकारी सूचनांसाठीही यंत्रणा वापरता येते आणि ती सोय चांगली आहे. पण रोज एक फोन येऊ लागला की लोक आवाज ऐकताच कापतात. आम्ही सुचवू तो नियम असा: रात्री नऊ ते सकाळी सहा फक्त संकटाचा निरोप, दिवसाच्या सूचना आठवड्याला दोनच, तेही ग्रामसेवकाने किंवा सरपंचाने एकत्र करून द्यायच्या. वाढदिवस, सत्कार, उद्घाटन अजिबात नाही. हे ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या, म्हणजे नवी बॉडी आली तरी बदलत नाही.

निरोप कसा द्यायचा याचा सराव हवा. घाबरलेला माणूस 'चोर आले, चोर आले, लवकर या' एवढंच ओरडतो आणि फोन ठेवतो. साऱ्या गावाला जाग येते, कुठे जायचं ते कुणाला कळत नाही, आणि अंधारात दोन वस्त्यांची माणसं एकमेकांनाच चोर समजतात. वीस-पंचवीस सेकंदांत नाव, गाव, वस्ती, काय झालं, कोणत्या दिशेने गेले आणि ऐकणाऱ्याने काय करायचं, एवढं बसतं. नमुना असा:

'मी पोलीस पाटील (नाव), (गावाचं नाव) गावच्या खालच्या मळ्यातून बोलतोय. आत्ता पावणेदोनला पांढरी पिकअप चार शेळ्या घेऊन पुलावरून हायवेकडे गेली. मागचा एक दिवा बंद आहे. गाडी अडवू नका. कुणाला दिसली तर नंबर बघून एकशे बाराला कळवा. मळ्यातल्यांनी बाहेरचे दिवे लावा, घराबाहेर पडू नका.'

यातलं 'गाडी अडवू नका' विसरायचं नाही. रस्त्यात दगड, बैलगाडी नाहीतर लाकडं टाकली की त्याच वाटेने येणारी ॲम्ब्युलन्स किंवा दुधाची गाडी त्यावर आदळते. चोराची गाडी तर माणूस समोर असला तरी थांबत नाही. नंबर, रंग, दिशा आणि वेळ एवढं मिळालं तर पुढचं नाकं पोलीस लावू शकतात.

ही सेवा ११२ या पोलिसांच्या आपत्कालीन नंबरची जागा घेत नाही, हे लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ११२वर केलेला फोन राज्याच्या नियंत्रण कक्षात लागतो, तिथे घटनेची नोंद होते आणि ती जिल्ह्याच्या कक्षामार्फत जवळच्या पोलीस गाडीला जाते. गाडीतल्या स्क्रीनवर घटना आणि ठिकाण दिसतं. पण ग्रामीण भागात एका ठाण्याखाली अनेक गावं असतात. गाडी दुसऱ्या टोकाला असेल तर निघून पोचायला वेळ जाणारच. गाडी येईपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं शेजाऱ्यांचीच असतात, आणि ग्रामसुरक्षा यंत्रणा त्या मिनिटांसाठी आहे. घरात दोघं असाल तर एकाने ११२ लावावं, दुसऱ्याने टोल फ्री नंबर. एकटे असाल तर आधी ११२, मग गाव. सर्पदंश, अपघात, प्रसूतीच्या कळा असतील तर आधी १०८. गावाला निरोप द्यायचा तो रस्त्यावर बॅटरी घेऊन उभं राहायला आणि ॲम्ब्युलन्सला वाट दाखवायला. रात्री वस्तीचं वळण सापडत नाही म्हणून गाडी फाट्यावर घुटमळत राहते, तिथे हा एक माणूस फार उपयोगी पडतो.

उसाला लागलेली आग वेगळी हाताळावी लागते. लोंबकळणाऱ्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासतात, ठिणगी पडते आणि वाळलेलं पाचट पेटतं. गाव बादल्या घेऊन धावतं आणि वर तार जिवंतच असते. म्हणून अशा निरोपात पहिलं वाक्य 'वायरमनला फोन करून फीडर बंद करा' हे हवं; फीडर म्हणजे त्या भागाला वीज देणारी लाईन. वायरमनचा आणि उपकेंद्राचा नंबर पोलीस पाटलाकडे, सरपंचाकडे आणि दूध केंद्राच्या भिंतीवर असावा. महावितरणचा १९१२ हा टोल फ्री नंबर आहेच, पण त्या घाईत उपकेंद्रावरचा माणूस जास्त कामाचा. लोकांनी स्वतः डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत, हात घालू नये. लाईट बंद झाल्याची खात्री पटल्यावर फवारणीचे ब्लोअर आणि पाण्याचे टँकर असलेले ट्रॅक्टर बोलवावेत. कुणाकडे टँकर आहे, कुणाकडे ब्लोअर, याची छोटी यादी आधीच केलेली असली तर निरोपात नावं घेता येतात. 'सगळ्यांनी या' म्हटलं की माणसं येतात, साहित्य येत नाही.

बिबट्याच्या बाबतीतही वनविभाग सोबत असल्याशिवाय ही यंत्रणा वापरू नये. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा उसाचा पट्टा, तिथे बिबट्या दिसणं ही नवलाई राहिलेली नाही. 'बिबट्या आलाय' असा नुसता निरोप गेला की शंभर माणसं मोबाईल घेऊन बघायला धावतात, जनावर कोंडीत सापडतं आणि कुणावर तरी झेप घेतं. निरोपात जागा सांगा, मुलं आणि शेळ्या आत घ्या म्हणा, आणि तिकडे जाऊ नका असं स्पष्ट सांगा. वनविभागाची हेल्पलाईन १९२६. त्याबरोबर आपल्या बीटच्या वनरक्षकाचा नंबर हवा. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर हात लावू नये, तोड तिथेच थांबवावी आणि वनरक्षकाला बोलवावं. मादी जवळपासच असते आणि बहुधा अंधार पडल्यावर पिल्लांसाठी परत येते.

पोलीस ठाण्याकडून काय अपेक्षा करायच्या? बीट अंमलदाराचा, म्हणजे आपलं गाव ज्याच्याकडे आहे त्या पोलिसाचा, नंबर गावाच्या यादीत असावा, म्हणजे गावाला गेलेला निरोप त्यालाही त्याच वेळी ऐकू जाईल. आमच्या मते पोलिसांचं सगळ्यात मोलाचं काम मात्र अफवा मोडण्याचं आहे. २०२४च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागी राहिली. अशा वेळी ठाणेदाराच्या आवाजात, सगळ्या गावांना एकाच वेळी गेलेला निरोप शंभर पोस्टना पुरून उरतो. तो त्याच रात्री गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशीच्या पत्रकाला तोवर उशीर झालेला असतो.

संशयित सापडला तर काय, हे ग्रामसुरक्षा दलाच्या, म्हणजे गावात गस्त घालणाऱ्या, पोरांना पाठ असायला हवं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०नुसार आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस पकडू शकतो, पण त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नुसता संशय आला म्हणून हे कलम लागू होत नाही. अनोळखी माणूस, भिक्षेकरी, फेरीवाला, वाट चुकलेला ड्रायव्हर यांना पकडायचा अधिकार कुणालाच नाही. त्यांना थांबवून नाव-गाव विचारावं, ११२ला कळवावं आणि पोलीस येईपर्यंत गर्दीपासून दूर, उजेडात बसवावं. गर्दीला थोपवणारी दोन माणसं नावानिशी ठरवून ठेवा. त्यात एक पोलीस पाटील. दुसरा असा, की ज्याच्या शब्दाला सगळ्या भावक्यांत मान आहे. जमावाने केलेल्या हत्येत हात उगारणाऱ्या प्रत्येकावर खुनाचा गुन्हा लागू शकतो हे पोरांना आधी सांगा. त्या रात्री सांगून कुणी ऐकत नाही.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या आणि खोऱ्यांतल्या गावांना आमचा स्पष्ट इशारा: रेंज नसेल तर या सेवेचा उपयोग नाही, आणि वादळात लाईट गेली की टॉवरही काही तासांत मान टाकतो. तिथे ग्रामपंचायतीवर बॅटरीचा सायरन आणि देवळाचा भोंगा हा जोडीला हवाच. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे, पण ध्वनिप्रदूषण नियमांत सार्वजनिक आपत्तीसाठी सूट आहे. पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवून ठेवलं की मग वाद होत नाही. सायरनची खूणही ठरवा: सलग वाजला तर आग किंवा पूर, तुटक वाजला तर चोर. दरड कोसळण्याचा धोका असलेल्या वाड्यांनी तर शेजारच्या गावाचे नंबर आपल्या यादीत आणि आपले त्यांच्या यादीत घालून घ्यावेत. ३० जुलै २०१४ला दरडीखाली माळीण गाडलं गेलं तेव्हा गावातून बाहेर खबर पोचलीच नाही. एसटीच्या चालकाने बघितलं म्हणून कळलं. अशा ठिकाणी रोज सकाळी-संध्याकाळी, निदान मुसळधार पावसाच्या दिवसांत, खालच्या गावाने वरच्या वाडीला फोन लावायचा आणि उत्तर आलं नाही तर माणूस पाठवायचा, असा उलटा रिवाज हवा.

महिन्यातून एक चाचणी घ्याच, ठरलेल्या दिवशी, संध्याकाळी साडेसातला, सगळे घरी असतात तेव्हा. निरोपात 'ही चाचणी आहे' हे सुरुवातीला आणि शेवटी सांगा. दुसऱ्या दिवशी दूध केंद्रावर विचारा, कुणाला आला, कुणाला नाही. ज्या वस्तीत निम्म्याहून जास्त लोक नाही म्हणतील तिथली यादी त्याच आठवड्यात पुन्हा करा. ग्रामसेवकाची बदली झाली, सरपंच बदलला किंवा पोलीस पाटलाचं पद रिकामं राहिलं, तर यादी आणि निरोप देण्याचा अधिकार कुणाकडे गेला हे लेखी ठरवा. ग्रामपंचायतीने सेवेसाठी भरलेल्या पैशाची मुदत कधी संपते तेही त्याच कागदावर असू द्या.

शेवटी, यादीत राहून गेलेली माणसं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बीडकडून आणि बाकीच्या मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि मार्चपर्यंत गावाच्या शिवारात कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून राहतात. दार नाही, लाईट नाही, पोरं उसाच्या कडेला झोपलेली, आणि आईबाप पहाटेच फडात. बिबट्याचा आणि सापाचा धोका सगळ्यात जास्त त्यांनाच, आणि गावाच्या यादीत त्यांचा एकही नंबर नसतो. यादी घरपट्टीवरून बनली, आणि त्यांचं या गावात घर नाही. टोळी उतरली की त्याच दिवशी मुकादमाचा आणि कोप्यांत राहणाऱ्या दोन बायांचा नंबर यादीत घाला. कारखान्याच्या गट ऑफिसातल्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला, कुठली टोळी कुणाच्या रानात आहे ते रोज माहीत असतं. त्याच्याकडून जागा बदलल्याचं कळत राहील. हंगाम संपला, टोळी परत गेली, की ते नंबर काढून टाका आणि पुढच्या दिवाळीनंतर नवे घ्या.